चावी खिळ्यावरून काढ

पत्र :
ताई, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सासरे गेल्यापासून दीड वर्ष मीच बघते. २२ लूम, ३२ माणसं. त्यात सुताच्या कांड्या भरायला, शिलाईला आणि घडीला मिळून ११ बायका. मी कुणावर आवाज चढवत नाही. माणसं कशी सांभाळायची याचा तीन दिवसांचा कोर्सही पुण्याला जाऊन केला. दर सोमवारी मीटिंग घेते, प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक आणते, भिंतीवर ‘आपण एक कुटुंब’ असा फलक लावलाय. उन्हाळ्यात माठ ठेवले, तर बायकांच्या बाजूचा संध्याकाळी भरलेला तसाच असतो. केलेल्याची किंमतच नाही. अकरा वाजले की पाच जणी एकदम उठतात आणि वीस मिनिटं जाग्यावर नसतात. बाथरूमची चावी ऑफिसात मॅनेजरच्या मागं खिळ्याला असते म्हणून बरं, नाहीतर दिवसभर ये-जा चालली असती. गेल्या महिन्यात दोघी दुसऱ्या कारखान्यात गेल्या, तिथं मजुरी एवढीच आहे. सासरे कुणाशी गोड बोलायचे नाहीत, तरी त्यांच्या एका हाकेला माणसं रात्रपाळीला थांबायची. मी लोकांना आपलंसं कसं करू?
— एक मालकीण, सोलापूर

उत्तर :
‘म्हणून बरं’. तुझ्या पत्रातल्या या दोन शब्दांखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि मग पुढचं पत्र मला धड वाचताच येईना. चावी मॅनेजरच्या मागं खिळ्याला असते, म्हणून बरं. कुणाला बरं गं?

डोळ्यासमोर आण. तुझी शिलाईवाली मशीनवरून उठते. चालू लूमच्या मधल्या वाटेनं, पुरुषांसमोरून ऑफिसात जाते. तिथं मॅनेजर बसलाय, समोर सुताचा व्यापारी, दारात टेम्पोचा ड्रायव्हर चहा पितोय. ती बोलत काहीच नाही, नुसता हात पुढं करते. ती कशाला आलीय ते तिघांनाही कळतं. चावी घेऊन ती तीच वाट तुडवते, काम झालं की चावी परत द्यायला जाते, तिथून पुन्हा मशीनवर. एका लघवीपायी चार वेळा नजरांखालून जायचं. एकटीनं, दिवसातून तीनदा, कोण जाईल? तू जाशील?

म्हणून त्या अकरापर्यंत दम धरतात. एखादी धीट उठली की बाकीच्या तिच्या मागनं निघतात. वीस मिनिटांचा हिशेब तू मांडलासच, तर आता पुरता मांड. पाच जणी, दार एक. वाट्याला चार मिनिटं येतात. त्यात नऊवारी असो की पाचवारी, ती सावरायची, बादलीत पाणी नसलं तर आणायचं, आणि पाळीचे दिवस असले तर कापड कागदात गुंडाळून ब्लाउजात खोचून परत आणायचं, कारण आत टाकायला डबा नाही. डब्याचं तू लिहिलं नाहीस, पण जिथं कुलूप आहे तिथं डबा नसणार, हे मी पैजेवर सांगते.

आता तो माठ. तुला वाटलं, बायकांना केलेल्याची किंमत नाही. बाई, त्या पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं की चावी मागावी लागते! सोलापूरचं ऊन तुला मी सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४३च्या घरात, डोक्यावर पत्रा, हवेत सुताचा भुस्सा, आणि त्यात ११ बायका घसा कोरडा ठेवून दिवस ढकलतात. पाणी टाळायचं आणि लघवी दाबून ठेवायची, यानं काय होतं? जळजळ, थंडीताप, ओटीपोटात कळा. पुढं मुतखडा. हजेरीबुक काढ आणि उन्हाळ्यातले बायकांचे खाडे मोज. ‘अंगात कणकण होती’ एवढंच त्यांनी सांगितलं असेल. खरं कारण कुठली बाई मॅनेजरला सांगेल?

माझी आई गिरणीत कांडीवर होती. घरात शिरली की चप्पल पायात असतानाच तांब्या तोंडाला लावायची आणि एका दमात संपवायची. आम्हा पोरांना वाटायचं, चालून दमली असेल. पुढं मूत्रपिंडाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली, तेव्हा एका रात्री बोलून गेली की कामाच्या पाळीभर ती घोटभर पाणीसुद्धा घेत नसे. तिथल्या संडासाला आतून कडीच नव्हती. म्हणून या गोष्टीवर मला मवाळ बोलता येत नाही, आणि बोलायचंही नाही.

कायद्यानं हे कधीच सांगून ठेवलंय. १९४८च्या कारखाना कायद्यात, १९व्या कलमात, बायकांसाठी वेगळी सोय हवी आणि कामगार कारखान्यात असेल तितका वेळ त्याला कधीही तिथं जाता यायला हवं, असं स्पष्ट लिहिलं होतं. मॅनेजरनं वाद घातला तर त्याला हे सांग. तू मात्र कलमाच्या धाकानं करू नकोस.

सासऱ्यांचं म्हणशील, तर त्यांना मी ओळखत नव्हते. त्यांच्या हाकेला माणसं थांबायची असं तू लिहितेस. त्यात बायका होत्या का? चावीचा खिळा त्यांनीच ठोकला असेल तर? त्यांच्यासारखं व्हायच्या मागं लागू नकोस. तू बाई आहेस, हे दुखणं तुला न सांगता कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण तुझं बाथरूम वेगळं आहे. ऑफिसच्या आत, टाइल्सचं, साबण ठेवलेलं. पत्रात तेही नाही, पण असणारच.

आता मी सांगते तेवढं एकच कर.

उद्या सकाळी कुणी यायच्या आत कारखान्यात जा. ते कुलूप काढ. खराटा, ब्रश, फिनेल घे आणि बायकांचं बाथरूम स्वतःच्या हातानं घास. सफाईवालीला बोलावू नकोस. आतून कडी नीट बसते का बघ, नसेल तर सुताराला त्याच दिवशी आण. बल्ब लाव. पाण्याचा पिंप भरून ठेव. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा पिंप रोज कोण भरणार तेही ठरव, आणि पहिला महिना ते नाव तुझंच असू दे. पिशवी अडकवायला एक खुंटी, आणि झाकणाचा डबा. मग तुझ्या ऑफिसातल्या बाथरूमला कुलूप घाल आणि महिनाभर तूही त्यांच्याच बाथरूमला जा. लूमच्या मधल्या वाटेनं, सगळ्यांसमोरून.

कुणाला काही सांगायचं नाही. मीटिंगमध्ये घोषणा नको, ग्रुपवर फोटो नको. बायकांना दहा वाजेपर्यंत आपोआप कळेल.

तुला लाज वाटेल, मला माहीत आहे. मालकिणीनं संडास घासायचा? गड्ड्याच्या यात्रेला तू तळ्याकाठी जातेसच ना? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून ते तळं खोदलं. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शिवभक्त संतांच्या, परंपरेत अशी कथा सांगतात की त्यांच्यातले अल्लमप्रभू इथं आले ते ‘ओड्ड राम कुठाय?’ असं विचारतच. माती खोदणारा राम. शिष्य फार चिडले. टोमणाच होता तो. पण मला तो टोमणा लहानपणापासून आवडतो. परगावाहून आलेल्याला आपल्या सिद्धरामांची पहिली ओळख पटली ती खोदलेल्या मातीवरून. तू ज्या गावात कारखाना चालवतेस, त्या गावाचं ग्रामदैवत हे असं आहे.

मॅनेजर म्हणेल, आता बायका दिवसभर तिकडंच बसतील. पहिला आठवडा जातीलही. जाऊ दे. किती वर्षांचं दाबून ठेवलेलं आहे ते! त्या वेळी घड्याळाकडं बघणारी तू पहिली असशील, तेवढं टाळ. आणि ज्या दोघी सोडून गेल्या, त्यांना परत बोलवायला इतक्यात जाऊ नकोस. त्यांच्या मैत्रिणी तुझ्याकडंच आहेत, बातमी पोचेल.

महिन्यानं मला पुन्हा लिही. माणसं आपली मानायला लागली का, ते नको सांगूस. बायकांच्या बाजूचा माठ किती वाजता रिकामा होतो, तेवढंच कळव.