उत्तर: फॉरमॅट करूनही पेनड्राइव्हवर पुन्हा पुन्हा व्हायरसची सूचना

झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आणला की विंडोज डिफेंडर (विंडोजमधलाच अँटिव्हायरस) ओरडतो, फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात आणि दोनदा फॉरमॅट करूनही तेच, असं तुम्ही लिहिलंय. या दुखण्यात मीही भरपूर वेळ घालवलाय, म्हणून सविस्तर लिहितो. तिसऱ्यांदा फॉरमॅट करू नका.

आधी सूचना उघडून 'अफेक्टेड आयटम्स'खालचा पत्ता वाचा. लोक नेमका तोच न वाचता 'रिमूव्ह' दाबतात. पत्ता पेनड्राइव्हच्या अक्षराचा, म्हणजे बहुधा 'ई:' किंवा 'एफ:'चा, असेल तर घाण पेनड्राइव्हवर आहे. 'सी:'चा, म्हणजे संगणकाच्या आतल्या डिस्कचा, असून त्यात 'अ‍ॅपडेटा' किंवा 'स्टार्टअप' दिसलं, तर तुमचाच संगणक बाधित आहे. मग स्वच्छ पेनड्राइव्हही लावताक्षणी पुन्हा बिघडणार. दुरुस्तीची कित्येक दुकानं नुसता पेनड्राइव्ह फॉरमॅट करून पैसे घेतात, संगणकाला हातही लावत नाहीत. याचा मला मनापासून राग येतो, कारण गिऱ्हाईक त्याच कामासाठी पुन्हा पैसे मोजतं.

फायली सहसा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फायली दाखवायला सांगा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. बरेचदा बिननावाचा एक फोल्डर दिसतो, सगळा माल त्यात असतो. तिथून फक्त आपली कागदपत्रं आणि फोटो उचला.

शॉर्टकटवर डबल-क्लिक करू नका. राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं 'टार्गेट' वाचा. 'सीएमडी' किंवा 'डब्ल्यूस्क्रिप्ट' (आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवणारे विंडोजचेच प्रोग्राम) यांच्यानंतर ज्या फाइलचं नाव येतं, ती तुमची चोर. टास्क मॅनेजरमधून 'डब्ल्यूस्क्रिप्ट' आधी बंद करा, नाहीतर पुसलेली फाइल ती स्क्रिप्ट पुन्हा लिहिते. मग तेच नाव स्टार्टअप अ‍ॅप्स, टास्क शेड्युलर आणि रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) 'रन' नोंदीत शोधून काढा. रजिस्ट्रीची सवय नसेल तर तिला हात लावू नका, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी होणारी तपासणी) चालवा. लॅपटॉप कंपनीचा असेल तर हे काहीच स्वतः करू नका, आयटीवाल्यांना सांगा.

संगणक साफ झाल्यावरच पेनड्राइव्ह लावून त्यावर कस्टम स्कॅन (फक्त निवडलेल्या ड्राइव्हची तपासणी) करा. डिफेंडरचा फुल स्कॅन मूळ सेटिंगमध्ये पेनड्राइव्ह तपासत नाही, त्यामुळे तो 'सगळं ठीक' म्हणाला तरी विसंबू नका. 'रिमूव्ह' चालू असताना ड्राइव्ह उपसलात तर 'रेमेडिएशन इनकम्प्लीट' अशी नोंद राहते आणि ड्राइव्ह लावलेला नसतानाही सूचना येत राहतात.

पेनड्राइव्हवर 'autorun.inf' नावाचा फोल्डर करून ठेवा, म्हणजे व्हायरसला त्या नावाची आपोआप चालणारी फाइल बनवता येणार नाही, हा सल्ला अजून फिरतोय. माझ्या मते आता तो निरुपयोगी. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हवरचं ऑटोरन आपोआप चालत नाही, एक्सपी आणि व्हिस्टासाठीही २०११ मध्ये तसं अपडेट आलं. शॉर्टकटवाला व्हायरस आपल्याच क्लिकवर जगतो.

राहिला प्रश्न दुकानाचा. प्रिंटसाठी पीडीएफ ईमेलने पाठवा. काही कार्यालयं अजून पेनड्राइव्हच मागतात आणि त्यांच्या संगणकावरचा अँटिव्हायरस केव्हाच संपलेला असतो. तिथे कॅमेऱ्यात असतं तसलं मोठं एसडी मेमरी कार्ड यूएसबी रीडरमध्ये घालून न्या. त्याच्या कडेची बारीक खिट्टी 'लॉक'कडे सरकवली की बहुतेक रीडर त्यावर काही लिहू देत नाहीत. मायक्रो एसडी असेल तर ती खिट्टी अ‍ॅडॅप्टरवर असते. रीडर मात्र आपलाच वापरा आणि घरी एकदा तपासून घ्या, कारण काही स्वस्त रीडर खिट्टीकडे बघतच नाहीत.