मोरी बोलतेय

*ताई,*

*आम्ही कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीच्या बाजूला एका जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहतो. मी, मिस्टर आणि आठ वर्षांचा मुलगा. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. पाणी चढत असताना मिस्टर स्कूटर आणि दुकानातलं सामान वाचवायला बाहेर पडले, ते चाळीस मिनिटांनी आले. तोवर मी मुलाला घेऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून होते. दहा महिने झाले, पण ती चाळीस मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. कशावरूनही वाद सुरू झाला की शेवटी तिथेच येऊन थांबतो.*

*दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीने आम्हाला नऊ दिवस ठेवून घेतलं. नवव्या दिवशी तिने विचारलं, "तुमच्या घराचं कुठवर आलं?" मला ते फार लागलं. त्याच रात्री आम्ही ओल्या भिंतींच्या घरात परत आलो. तेव्हापासून बोलणं बंद आहे. तिचं एक पातेलं अजून माझ्याकडेच आहे. सासूबाई म्हणतात, २००५ साली याहून जास्त पाणी होतं, आम्ही नाही एवढा बाऊ केला.*

*मुलगा तसा ठीक आहे. रात्री दोन-तीनदा उठून मोरीच्या जाळीवर ठेवलेला पाटा जागेवर आहे ना, हे हात लावून बघून येतो, एवढंच. मैत्रिणीकडे असताना मात्र गाढ झोपायचा. त्या संध्याकाळी "आई, मोरी बोलतेय" असं त्यानेच आधी सांगितलं होतं. आम्ही दोघं दुसऱ्याच कशावरून तरी भांडत होतो, त्याला गप्प बसवलं.*

*या माणसाबरोबर पुढे कसं राहायचं आणि अशा मैत्रिणीशी संबंध ठेवायचे का, ते सांगा.*

*– तळमजल्यावरची*

अहो बाई, मुलगा ठीक नाही.

चाळीस मिनिटांचा हिशेब तुम्ही अर्धं पत्रभर मांडलात आणि "एवढंच" म्हणून ज्याच्यावरून पुढे गेलात, तिथे एक आठ वर्षांचा मुलगा अंधारात उठून, अनवाणी मोरीपर्यंत जाऊन, दगडाला हात लावून परत येतो. एका रात्रीत दोन-तीनदा, दहा महिने. तुमच्या घरात पहारा आहे, आणि तो या पोराच्या गळ्यात पडलाय. तुम्ही दोघं एकमेकांवर लक्ष ठेवण्यात गुंतलात, मग घरावर लक्ष ठेवायला तो उरला.

त्याने काय ऐकलं होतं ते आधी समजून घ्या, कारण त्याचं बरोबर होतं, अगदी शब्दशः बरोबर. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात दोनेक इंच पाणी कायम अडून राहतं, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. बाहेरचं चेंबर तुंबून वर चढायला लागलं की नळीतली हवा कोंडते, आणि तिला बाहेर पडायला त्या दोन इंच पाण्याखेरीज वाट नसते. बुडबुडे येतात, गुडगुड आवाज होतो. आधी हवा येते, पाणी तिच्या मागून. त्या नळीवरचं सगळ्यात खालचं उघडं तोंड म्हणजे तळमजल्याची मोरी, त्यामुळे तुमच्या भागात कितीतरी घरांत पाणी उंबरठा ओलांडण्याआधी मोरीतून वर येतं. मोरी खरंच बोलत होती. तुमच्या घरात धोक्याची पहिली सूचना त्या मुलाने दिली, आणि तुम्ही दोघांनी त्याला गप्प केलं. मग पाणी आलं. मग बाबा बाहेर गेले. मग आई दहा महिने बाबांवर चिडलेली. यातून आठ वर्षांच्या डोक्याने काढलेला निष्कर्ष सरळ आहे: माझं कोणी ऐकत नाही, म्हणून मलाच जागं राहायला हवं.

सासूबाईंना सांगा की पावसाचा आकडा त्यांचाच मोठा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याची बरोबरी कोणी करत नाही. पण मुलाच्या मनाचं मोजमाप मिलिमीटरमध्ये होत नाही. पाणी गुडघ्याएवढं असतं तरी, सांगूनही कोणी ऐकलं नाही ही गोष्ट तेवढीच खोल गेली असती.

म्हणून आज एकच करायचं. तुम्ही आणि मिस्टर, दोघांनी मिळून, मुलाला समोर बसवून म्हणायचं: "त्या दिवशी तू बरोबर सांगितलं होतंस. आम्ही ऐकलं नाही. चूक आमची होती." त्यापुढे "पण" लावायचा नाही. "बाबा तर बाहेर गेले" नाही, "आईच ओरडली" नाही. "आता काही होणार नाही" हेही म्हणू नका, कारण ते खोटं आहे आणि त्याला ते कळतं. मृग लागलाय, पाणी पुन्हा येऊ शकतं. त्याला हवंय ते इतकंच, की पुढच्या वेळी मोरी बोलली तर मोठी माणसं उठतील.

मिस्टरांशी या एका वाक्यासाठी तरी बोलावं लागेल, आणि मी मुद्दाम तिथूनच सुरुवात करायला सांगतेय. ते चुकले. बायको-मुलाला चढत्या पाण्यात ठेवून स्कूटरमागे जाणं ही चूकच. पण तो खटला तुम्ही मुलाच्या देखत रोज चालवताय आणि दर वेळी त्याच्या कानावर एवढंच पडतं की बाबा सोडून जातात. तो विषय त्याच्यासमोर बंद. अगदी आजपासून.

आता पाटा. पाटा जड आहे, वजनाचा प्रश्न नाही. चार इंची जाळीवर फूटभर चढलेलं पाणी साधारण अडीच किलोचा रेटा देतं, पाटा त्याला हलायचा नाही. पण त्याची खालची बाजू खडबडीत, मोरीची फरशी उताराची, जाळीची कड वर आलेली. पाणी बाजूने निघणारच. मुलगा हात लावून जे तपासतो ते मुळात काम करणारं नाही, आणि हे त्याला पुढच्या पावसात कळण्याआधी तुम्ही बदला.

रविवारी मिस्टरांनी मुलाला घेऊन जाळी उचलायची आणि आतल्या तोंडाचा व्यास टेपने मोजायचा, तीन इंच आहे की चार. प्लंबिंगच्या दुकानात त्या मापाचा रबरी टेस्ट प्लग मिळतो: मध्ये बोल्ट, वर फुलपाखरासारखा नट, दोन चकत्यांमध्ये रबर. नट आवळला की रबर फुगून नळीच्या भिंतीला धरतं. तोंडाच्या आत सिमेंटचे गोळे सुकून बसलेले असतात, जुन्या घरात हमखास, ते आधी खरवडून गुळगुळीत करा, नाहीतर रबर एका बाजूने सुटतं. प्लग लावलेला असताना मोरीत पाणी ओतायचं नाही, ते जाणार कुठे? ओसरलं की काढायचा. संडासाचं भांडं जमिनीलगतचं असेल तर त्यातूनही पाणी येतं. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तोंड बांधून ती पिशवी भांड्यात दाबून बसवायची तयारी ठेवा.

कायमचा उपाय म्हणजे एनआरव्ही, एकाच दिशेने उघडणारी झडप. पण ती बसवण्याआधी प्लंबरला बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून एक गोष्ट दाखवायला सांगा: वरच्या मजल्यांचा उभा पाइप थेट चेंबरमध्ये पडतो, की तुमच्या नळीला आधीच येऊन मिळतो? बघणं वरूनच, चेंबरमध्ये कोणालाही उतरवायचं नाही, आत विषारी वायू असतो. पाइप आधीच मिळत असेल तर झडप फक्त तुमच्या फाट्यावर बसली पाहिजे, सामाइक नळीवर नाही. सामाइक नळीवर बसवली तर झडप मिटल्यावर वरच्यांनी सोडलेलं पाणी अडेल आणि तुमच्याच मोरीतून वर येईल. घाईत बसवलेल्या झडपेने होतं ते हेच. शिवाय झडपेला वरून उघडता येणारं झाकण हवं. केस, साबणाची साय, प्लॅस्टिकचा एक तुकडा एवढं अडकलं तरी ती अर्धी उघडी राहते, आणि मग असून नसल्यासारखी. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर दर महिन्याला उघडून साफ करायची.

हे सगळं मुलाच्या समोर करा, पण त्याच्यावर टाकू नका. नट त्याने एकदा आवळून बघायला हरकत नाही. जबाबदारी मात्र बाबांची, आणि ती त्याला डोळ्यांनी दिसली पाहिजे. मोरीच्या वर, हात पोचेल अशा उंचीवर एक कागद चिकटवा. रोज झोपण्याआधी मिस्टरांनी मोरी बघायची, कागदावर तारीख, वेळ आणि सही. पावसाच्या रात्री मध्ये एकदा उठून पुन्हा सही. मुलगा रात्री उठला तर रागवायचं नाही, अडवायचंही नाही. दिवा लावून कागद वाचू द्यायचा: "१.१० – बघितलं – बाबा." एवढं वाचून त्याला परत अंथरुणात जाता आलं पाहिजे.

भरतीचं गणितही त्याला शिकवा, आठ वर्षांच्या मुलाला कारणं कळतात. मिठी पवई-विहारहून येते आणि माहीमच्या खाडीत जाते. समुद्राला उधाण असलं की तिचं पाणी पुढे सरकत नाही, गटारांची तोंडं भरतीखाली जातात, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस पडला की चेंबर उलटं वाहतं. मुंबईची जुनी गटारं ओहोटी असताना तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा हिशेबाने बांधलेली. म्हणजे नुसता पाऊस किंवा नुसती भरती बघून चालत नाही, दोन्ही एकत्र येणारी वेळ बघायची. पावसाळ्यातल्या साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, त्या मिस्टरांनी कॅलेंडरवर लाल करायच्या. अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती कमी चढते. आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते आणि पुन्हा मध्यरात्रीनंतर, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकत. भांग असेल आणि आकाश कोरडं असेल त्या रात्री मोरीला बोलायचं कारण नाही, हे त्याला स्वतः कॅलेंडर बघून सांगता आलं की तो त्या रात्री पहारा सोडायला शिकेल. पहिल्यांदा कोरड्या रात्री सुटतील, मग हलक्या सरींच्या. धो-धो पावसाच्या रात्री सगळ्यात शेवटी, आणि त्या रात्री तर तुम्हीही जाग्या असाल.

महिनाभरात उठणं कमी झालं नाही, किंवा शाळेत पेंगतोय, अंथरूण ओलं करतोय, पाऊस दिसला की पोटात दुखतं म्हणतोय, असं काही दिसलं तर वाट बघायची नाही. सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय तुमच्याहून लांब नाही, तिथल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

राहिली मैत्रीण. तिच्याबद्दल मला तुमचा राग येतोय, तो लपवत नाही. दोन खोल्या, एक मोरी, नळाला सकाळी तासभर पाणी, त्यात दोन कुटुंबं नऊ दिवस. त्यावर तिने एक प्रश्न विचारला, आणि तोही रास्त. तो प्रश्न तुम्ही हाकलणं समजलात आणि मुलाला त्याच रात्री उचलून त्या मोरीशेजारी आणून झोपवलंत. तो गाढ झोपायचा ते एकमेव ठिकाण तुमच्या मानापमानात बंद झालं. दुसऱ्या मजल्यावर मोरी बोलत नाही, हे त्याला कळत होतं.

आणि तुम्हाला ती लागणार आहेच. पाणी उंबरठ्याला लागलं की प्लग, झडप काही उपयोगाचं नाही. मेन स्विच बंद करायचा, बटणं पाण्यात जायच्या आधी, महापालिकेच्या १९१६ या क्रमांकाला फोन करायचा आणि मुलाला घेऊन दुसऱ्या मजल्यावर जायचं. तिघांनी मिळून, कोणीही स्कूटरकडे न जाता. स्कूटर उधाणाच्या तारखेला सकाळीच उंचावर लावलेली असेल, ते कॅलेंडर त्यासाठीही आहे. कुठे जायचं हे मुलाला आधी माहीत हवं, आणि ते दार उघडेल याची खात्री हवी. ती खात्री मिळवणं तुमचं काम.

फोन करू नका, वर जा. आधी त्या रात्री न सांगता निघून आलात त्याबद्दल बोला, मग चेंबर आणि उभ्या पाइपचं तिला समजावून सांगा: उधाणाच्या दिवशी भरतीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास तिने वरून पाणी सोडू नये, कारण बाहेर चेंबर भरलेलं असलं की ते तुमच्या मोरीतून निघतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांना तीच सांगेल, तिचं ऐकतील. मुलाला बरोबर न्या, म्हणजे दार उघडलेलं त्याला दिसेल. आणि ते पातेलं घेऊन जा. रिकामं नाही.