ट्रॅव्हलकार्डचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : मुलगी (वय 22) 13 सप्टेंबरला एक वर्षाच्या एमएस्सीसाठी लंडनला जातेय. फी शैक्षणिक कर्जातून भरली. खोली वेम्बली पार्कला, कॉलेज ब्लूम्सबरीत. इथला एक ट्रॅव्हल एजंट वर्षभराचं ट्रॅव्हलकार्ड (लंडनच्या मेट्रो-बसचा पास) विद्यार्थी सवलतीसह 2 लाख 40 हजारांत देतोय, नंतर महागेल म्हणतो. घ्यावं का? राहण्याखाण्यासाठीचे 8 लाख बँकेतल्या मॅडमच्या सांगण्यावरून एका युलिपमध्ये (बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसीत) एकरकमी टाकलेत. टॅक्स-फ्री आहे आणि लागतील तसे काढता येतात. पॉलिसी 11 ऑगस्टला ईमेलवर आली. शिवाय ती पार्टटाइम करून महिन्याला हजार पौंड मिळवेलच. (एक वाचक, सांगली, 25 ऑगस्ट 2025)

उत्तर : ट्रॅव्हलकार्ड घेऊ नका. त्याची कारणं पुढे देतो, पण त्याआधी कॅलेंडर काढा आणि 10 सप्टेंबरला गोल करा.

युलिपमधले पैसे लागतील तसे निघत नाहीत. पाच वर्षांचा लॉक-इन आहे. त्याआधी पॉलिसी सोडली तर रक्कम डिसकंटिन्युअन्स फंडात (बंद पॉलिसींच्या फंडात) जाते, किमान 4 टक्क्यांनी पडून राहते आणि पाच वर्षं झाल्यावरच हातात येते. थोडी रक्कम काढणंही (पार्शल विथड्रॉवल) पाच वर्षांनंतरच, आणि युलिपवर कर्जही मिळत नाही. मुलीला भाडं जानेवारीत द्यायचंय, पैसे सुटणार 2030 मध्ये. टॅक्स-फ्रीचंही तेच. 8 लाखांचा प्रीमियम करमाफीच्या अडीच लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी वर आहे, त्यामुळे नफ्यावर कर लागेलच. एका वाक्यात दोन थापा.

सुदैवाने फ्री-लूकची मुदत अजून संपलेली नाही. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत, म्हणजे तुमच्या बाबतीत 10 सप्टेंबरपर्यंत, ती परत करता येते. युनिटची त्या दिवशीची किंमत आणि कापलेले चार्जेस मिळतात. त्यातून तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, मेडिकल झाली असेल तर ती, आणि स्टॅम्प ड्यूटी वजा होते. बाजार फार पडला नसेल तर नुकसान काही हजारांत आटपेल.

अर्ज बँकेत देऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत द्या, शिवाय कंपनीच्या ईमेलवर पाठवा. पॉलिसी नंबर, "फ्री-लूकमध्ये रद्द करत आहे" हे एक वाक्य, कारण ("पाच वर्षांचा लॉक-इन सांगितला नव्हता"), रद्द केलेला चेक, ओळखपत्राची प्रत. तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. बँकेतून फोन येईल: "सर, घाई कशाला, महिनाभर थांबा, मार्केट वर येईल." हा महिनाच त्यांना काढायचा असतो. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर, आणि शेवटी विमा लोकपालाकडे जा.

पैसे परत आले की तीन महिन्यांचा खर्च लगेच पौंडात पाठवा, उरलेले लिक्विड फंडात किंवा ऑटो-स्वीप एफडीत ठेवा. "पौंड उतरला की पाठवू" हा विचार नको. आर्थिक वर्षात 10 लाखांच्या आत परदेशी पाठवण्यावर टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही, तेव्हा ती धास्तीही नको.

पार्टटाइमचं गणित एका ओळीचं आहे. व्हिसाची मर्यादा सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, किमान वेतन (एप्रिल 2025 पासूनचं) तासाला 12.21 पौंड, म्हणजे महिन्याला साधारण 1,050. तुमचे "हजार पौंड" म्हणजे पहिल्या आठवड्यापासून एकही खाडा न करता पूर्ण 20 तास. बँक खातं, नॅशनल इन्शुरन्स नंबर, मग मुलाखती. तोवर नाताळ उजाडतो. बजेटमध्ये पहिले चार महिने शून्य लिहा.

आता ट्रॅव्हलकार्ड. सगळे दर 2025 सालचे, पौंड 120 रुपये धरून. लंडनमध्ये भाडं झोनवर ठरतं, झोन 1 म्हणजे शहराचा मध्य. वेम्बली पार्क झोन 4 मध्ये, ब्लूम्सबरी झोन 1 मध्ये. झोन 1-4 चं वर्षाचं कार्ड 2,568 पौंडांना, विद्यार्थ्यांची 30 टक्के सवलत धरून सुमारे 1,800, म्हणजे 2 लाख 16 हजार. वरचे 24 हजार एजंटचे. आणि ही सवलत तो आज देऊच शकत नाही. त्यासाठी 18+ स्टुडंट ऑयस्टर फोटोकार्ड (विद्यार्थ्याचं फोटो असलेलं प्रवासकार्ड) लागतं. ते मुलीने स्वतः ऑनलाइन मागवायचं आणि कॉलेजने तिचा प्रवेश तपासून दुजोरा द्यायचा. सांगलीत बसून हे होत नाही. मग तो नक्की काय विकतोय, त्यालाच विचारा.

सवलत खरी असली तरी वर्षाचं कार्ड तिला महागच पडेल. एमएस्सीची शिकवणी तीसेक आठवडे, पुढचा उन्हाळा प्रबंधाचा. आठवड्याला चार दिवस धरले तर 120 दिवस. ट्यूबचं (लंडनच्या मेट्रोचं) एका वेळचं भाडं गर्दीच्या वेळी 4.60 पौंड, इतर वेळी 3.40. गर्दीची वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी 6:30 ते 9:30 आणि दुपारी 4 ते संध्याकाळी 7. दोन्ही वेळा गर्दीतच गेली-आली तरी 9.20 गुणिले 120, म्हणजे 1,100 पौंड. इथेच 700 पौंड वाचले, 84 हजार रुपये.

अजून वाचतात. 35 पौंडांचं 16-25 रेलकार्ड (तरुणांसाठीचं सवलतकार्ड) घ्यायचं आणि ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ते ऑयस्टर कार्डाशी (ट्यूब-बससाठी पैसे भरून ठेवायच्या कार्डाशी) जोडून घ्यायचं. मग बिगरगर्दीचं 3.40 चं भाडं सव्वादोनवर येतं. गर्दीच्या भाड्याला ही सवलत नाही. वेळ धरतात ती गेटवर कार्ड टेकवल्याची: 9:28 ला टेकवलं तर 4.60, 9:31 ला सव्वादोन. त्या तीन मिनिटांसाठी फलाटाबाहेर थांबणारे विद्यार्थी वेडे नसतात. परतताना सातनंतर निघावं. लायब्ररी उघडीच असते.

रेलकार्ड बँकेच्या कार्डाला किंवा फोनला जोडता येत नाही, म्हणून ऑयस्टरच वापरायचं. भारतीय कार्डाने गेट उघडेल, पण बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावतात. आज फोन, उद्या कार्ड असंही करू नये. एकाच बँक खात्याचे असले तरी यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी दिसतात आणि कमाल मर्यादेचा हिशोब तुटतो. झोन 1-4 ला ही मर्यादा दिवसाला 12.80, सोमवार ते रविवार 64.20, त्यापुढे पैसे कापले जात नाहीत. म्हणजे "कार्ड नसेल तर खर्च बेसुमार होईल" ही भीतीही पोकळ.

ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे कार्ड टेकवायचं. विसरलं की जास्तीत जास्त भाडं कापलं जातं, आणि डीएलआरच्या (पूर्व लंडनच्या हलक्या रेल्वेच्या) बऱ्याच स्टेशनांवर गेटच नसल्याने विसरणं सोपं. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. बसचे 1.75, आणि तासाभरात पुढच्या कितीही बस फुकट. बसमध्ये रोख घेतच नाहीत. वेम्बली सेंट्रलहून 18 नंबरची बस थेट ब्लूम्सबरीलगतच्या यूस्टनला जाते, तासाहून जास्त घेते. घाई नसेल त्या दिवशी चालेल. एरवी वेम्बली पार्कहून मेट्रोपॉलिटन लाइन पकडावी. यूस्टन स्क्वेअर चौथं स्टेशन, वीसेक मिनिटं, गाडी बदलावी लागत नाही. ज्युबिली लाइनची गाडी आधी आली तरी बसू नये, ती मधल्या सगळ्या स्टेशनांवर थांबते आणि बेकर स्ट्रीटला बदलावं लागतं.

एखाद्या महिन्यात रोजच गर्दीत जावं लागलं तर त्या महिन्यापुरतं कार्ड घ्यावं. सवलतीने 173 पौंड, म्हणजे 19 दिवस गर्दीत जाऊन-येऊन केलं की वसूल. फोटोकार्ड त्यासाठी पहिल्या आठवड्यातच मागवून ठेवावं. वर्षाच्या कार्डाचा परतावा सरळ प्रमाणात मिळत नाही, वापरलेले महिने महागड्या मासिक दराने मोजले जातात. आणि लंडनमधली पहिली खोली विद्यार्थी हमखास बदलतात. जानेवारीत ती झोन 2 मध्ये गेली तर झोन 4 चे पैसे वायाच.

एजंटला फोनवर नाही म्हणा. विमा कंपनीच्या शाखेत मात्र स्वतः जा, याच आठवड्यात.