वाचकांचे प्रश्न: चोवीस तासांची ड्युटी आणि हर्ली हेवूड

राम राम मंडळी. मागच्या अंकात पोर्शेच्या स्पोर्ट्स कार घेऊन चोवीस तासांच्या शर्यती मारणाऱ्या हर्ली हेवूड या अमेरिकन ड्रायव्हरबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तर सावद्यापासून शहाद्यापर्यंत प्रश्नच प्रश्न आले. सगळे घेता येत नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि "पोर्शेचं ॲव्हरेज किती" हा प्रश्न मी मुद्दाम सोडलाय, राग नसावा.

प्रश्न: भाऊ, माझा मोठा भाऊ केळीची गाडी घेऊन दिल्लीला जातो, रात्रंदिवस चालवतो, त्याला कोणी कप देत नाही. तुमच्या त्या हेवूडने असं काय वेगळं केलं? आणि चोवीस तास तो एकटाच चालवतो का? — एक वाचक, सावदा

पहिलं म्हणजे तुमच्या भावाला माझा सलाम सांगा. दुसरं, नाही, एकटा नाही चालवत. तुमच्या केळीच्या गाडीवर जसे लांबच्या पल्ल्याला दोन ड्रायव्हर बसतात ना, तसंच तिकडे एका गाडीवर दोघं-तिघं असतात, कधी चार-पाच पण. फरक एवढाच की तुमच्याकडे एक जण स्टेअरिंगवर असताना दुसरा मागच्या फळीवर झोपतो, आणि तिकडे गाडीत एकच सीट, त्यामुळे उतरलेला माणूस पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करतात तिथे, जाऊन पडतो, झोप लागली तर लागली.

आता वेगळं काय केलं ते आकड्यातच बघा. चोवीस तासांच्या मोठ्या शर्यती मुख्य दोन, फ्रान्समधली ल मान्स, १९२३ पासूनची, ती जूनमध्ये असते, आणि अमेरिकेत फ्लोरिडामधली डेटोना, ती जानेवारी-फेब्रुवारीत. हेवूडने डेटोना पाच वेळा मारली, १९७३, ७५, ७७, ७९ आणि ९१. ल मान्स तीन वेळा, १९७७, ८३, ९४. शिवाय फ्लोरिडातल्याच सेब्रिंगची बारा तासांची दोनदा, १९७३ आणि ८१. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या मोठ्या विजयात एकवीस वर्षांचं अंतर आहे, आणि ९४ ला ल मान्स जिंकला तेव्हा साहेब ४६ वर्षांचे होते. आपल्याकडे त्या वयात लोक स्कूटर पण पोराच्या ताब्यात देतात.

वेगाचं म्हणाल तर ल मान्सच्या साडेतेरा किलोमीटरच्या एका फेरीत साधारण सहा किलोमीटरचा एक सरळ रस्ता आहे, तो एरवी चालू हायवे आहे बरं का, आणि १९९० मध्ये त्यावर मुद्दाम दोन वळणं टाकली तोपर्यंत गाड्या तिथून ताशी साडेतीनशेच्या आसपास जायच्या, रात्री, हेडलाइटवर, आणि पुढे दीडशे-दोनशेने कमी वेगाची छोटी गाडी कधी येईल सांगता येत नाही. डेटोनाला वेग थोडा कमी पण रात्र लांब, थंडीचे दिवस असल्यामुळे निम्म्याहून जास्त शर्यत अंधारातच.

आणि खरी गोम इथेच आहे. या शर्यतीत सगळ्यात फास्ट माणूस जिंकतो असं नाही, क्लच, गियरबॉक्स, ब्रेक न बिघडवता जो गाडी पुढच्याच्या हातात देतो त्याची टीम जिंकते. हेवूडची ख्याती तीच होती. गियर दामटायचा नाही, फूटपाथसारख्या त्या कडेवर चाक आपटायचं नाही, आणि उतरताना पुढच्याला सांगायचं की ब्रेक कुठे धरतोय, कुठल्या गियरला कुरकुर आहे. तुमच्या भावाला विचारा, जोडीदार क्लचवर पाय ठेवून चालवणारा मिळाला की किती शिव्या घालतो ते.

प्रश्न: दादा, हा माणूस आला कुठून? घरात रेसिंग होतं का, की पैसेवाल्याचं पोरगं? — एक वाचिका, अमळनेर

ताई, जन्म १९४८, शिकागो. कॉलेजला फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला गेला, तिथे गाडी होती शेव्हरले कॉर्व्हेट, त्यावरून गरिबाघरचा नव्हता एवढं समजून घ्या. पण नशीब उघडलं ते मोकळ्या मैदानावर. तिकडे ऑटोक्रॉस म्हणून प्रकार असतो, मैदानात प्लास्टिकचे कोन मांडायचे, एका वेळी एकच गाडी सोडायची, ज्याचा टाइम कमी तो जिंकला. अशा एका ऑटोक्रॉसला या कॉलेजच्या पोराने पीटर ग्रेगला हरवलं. ग्रेग म्हणजे त्या गावचा पोर्शेचा डीलर, ब्रूमोस नावाची त्याची एजन्सी, हार्वर्डला शिकलेला, नेव्हीत राहिलेला आणि स्वतः भारी ड्रायव्हर. दुसरा असता तर हरल्यावर तोंड फिरवून गेला असता, याने पोराला सोबत घेतलं. १९६९ ला वॉटकिन्स ग्लेनच्या सहा तासांच्या शर्यतीत दोघं पोर्शे ९११ घेऊन उतरले आणि आपल्या क्लासमध्ये, म्हणजे सारख्या गाड्यांच्या गटात, पहिले आले.

आणि मग लगेच सैन्यात भरतीचं बोलावणं, थेट व्हिएतनाम. परत आल्यावर १९७१ ला इम्सा या अमेरिकन रेसिंग संस्थेची मालिका नव्यानेच सुरू झाली होती, त्यात दोघांनी मिळून पोर्शे ९१४ वर पहिलंच विजेतेपद घेतलं. लोक त्यांना बॅटमॅन आणि रॉबिन म्हणायचे. ग्रेग सगळं काटेकोर करणारा, टाय सुद्धा वाकडा चालायचा नाही, त्याला "पीटर परफेक्ट" नाव पडलेलं.

१९७३ ची डेटोना मला त्या सगळ्यांत आवडते. तिथे मात्रा आणि मिराज अशा खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या आल्या होत्या, आणि हे दोघं आले ९११ घेऊन, म्हणजे जी गाडी शोरूममध्ये मिळते तिचीच आरएसआर नावाची नवी कोरी रेसची आवृत्ती. अगदी तशीच दुसरी आरएसआर पेन्स्के टीमकडे होती, तिच्यावर मार्क डोनोह्यू आणि जॉर्ज फॉलमर, दोघं नाव असलेले. रात्रभरात मोठ्या गाड्या एकेक करून गळाल्या, पेन्स्केवाल्यांचं इंजिन गेलं, आणि हे दोघं दुसऱ्या नंबरच्या फेरारीला वीसहून जास्त फेऱ्या मागे टाकून पहिले. पुढच्या वर्षी तेलाच्या टंचाईमुळे डेटोना झालीच नाही, ७५ ला झाली तर पुन्हा हीच जोडी जिंकली.

ग्रेगचं पुढे वाईट झालं. १९८० मध्ये ल मान्सच्या आधी रस्त्यावर अपघात झाला, त्यानंतर नजरेला एकाचे दोन दिसायला लागले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने आत्महत्या केली. हेवूडला रेसिंगमध्ये आणणारा माणूस असा गेला.

प्रश्न: १९७७ ची ल मान्स जॅकी इक्स या बेल्जियन ड्रायव्हरने जिंकून दिली असं सगळीकडे वाचलं. गाडी वर आणली इक्सने, संपवली बार्थने. मग हेवूडचं त्यात काय? उगाच मोठं करताय का? — एक रिटायर्ड फिटर, भुसावळ

काका, फिटर माणसाचाच प्रश्न शोभतो. थोडी हकीकत सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. पोर्शेने दोन ९३६ आणल्या होत्या, वरून उघड्या, सहा सिलिंडरच्या टर्बो. एकीवर इक्स आणि पेस्करोलो, दुसरीवर जर्मनीचा युर्गेन बार्थ आणि हेवूड. समोर रेनोच्या अल्पीन गाड्या, त्यांचाच जोर होता. झालं असं की इक्सच्या गाडीचं इंजिन सुरुवातीलाच बसलं, आणि दुसरीचा फ्युएल पंप बदलण्यात इतका वेळ गेला की ती चाळिसाव्या नंबरच्या पलीकडे गेली. मग मालकांनी इक्सला या दुसऱ्या गाडीवर टाकलं, आणि त्याने रात्री, पावसात, उघड्या गाडीत बसून जे चालवलंय ते अफाट आहे, त्या रात्रीचा हिरो इक्सच, माझं पण तेच मत. रेनो एकेक करून इंजिन फोडून बसल्या.

पण शेवटचा तास बघा. गाडी कितीतरी फेऱ्यांनी पुढे, हेवूड स्टेअरिंगवर, आणि पिस्टन गेला, मागून धुराचा लोट. तुम्हाला सांगायला नको, अशा वेळी ड्रायव्हरने अजून दोन मिनिटं रेटली तर इंजिन जाम होतं आणि गाडी रस्त्यातच संपते. त्याने ती जिवंत पिटमध्ये आणली. मेकॅनिकांनी तो सिलिंडर बंद केला, आणि नियम असा की चार वाजता गाडी स्वतःच्या बळावर रेषा ओलांडून गेली पाहिजे, म्हणून बऱ्याच वेळाने, शेवटच्या एक-दोन फेऱ्यांसाठी, बार्थला बसवलं, कारण तो मेकॅनिकचं शिकलेला. पाच सिलिंडरवर मिसिंग करत गाडी आली आणि जिंकली.

आता तुमच्या मुद्द्यावर. एका शर्यतीत जोडीदाराने तारलं असं म्हणा, कबूल. पण त्याच वर्षी डेटोनाला जोडीदार वेगळे होते, ग्रेव्ज आणि हेल्मिक. ७९ ला टेड फील्ड आणि डॅनी ओंगाइस. ८३ च्या ल मान्सला अल होल्बर्ट आणि व्हर्न शुपान, ९१ च्या डेटोनाला युरोपातली मंडळी. जोडीदार बदलत गेले, गाड्या बदलल्या, कायम राहिला तो हाच. नशीब म्हणावं तर इतक्या वेळा एकाच माणसाच्या घरी का जातं?

८३ चं निघालंच आहे तर तेही ऐका. त्या वर्षी पहिल्या दहातल्या नऊ गाड्या पोर्शे ९५६ होत्या. यांच्या गाडीचा दरवाजा उडाला, दुसरा बसवला तर त्याने इंजिनाकडे जाणारी हवा बिघडली, एका बाजूचे सिलिंडर तापायला लागले, शेवटच्या फेरीत होल्बर्ट धूर काढत कसाबसा रेषेपर्यंत पोचला, आणि मागून दुसरी पोर्शे दर मिनिटाला जवळ येत होती.

प्रश्न: १९९४ ला पोर्शेने चीटिंग केली होती ना? — एक वाचक, धुळे

चीटिंग नाही भाऊ, वकिली. त्या वर्षी ल मान्सने जीटी क्लास ठेवला, अट काय तर गाडी रस्त्यावर चालवायच्या परवान्याची पाहिजे. योखेन डाउअर नावाच्या जर्मन माणसाने पोर्शेची जुनी रेसची ९६२ घेऊन तिला रस्त्याच्या गाडीचं पासिंग करून घेतलं, आणि मग पोर्शेने तीच "रस्त्याची गाडी" म्हणून परत रेसला आणली! म्हणजे आरटीओची गंमत फक्त आपल्याकडे असते असं नाही. तरीपण टोयोटा पुढे होती, शेवटच्या दीड तासात तिचा गियर अडकला म्हणून डालमास, बाल्डी आणि हेवूडला रस्ता मोकळा झाला. नियमात बसलं ते बसलं, पण टोयोटावाल्यांबद्दल वाईट वाटतंच.

प्रश्न: एवढा भारी होता तर फॉर्म्युला वनला का नाही गेला? — एक वाचक, चाळीसगाव

कारण त्याचं काम ते नव्हतं. १९८० ला इंडियानापोलिसची पाचशे मैलांची चालवून बघितली, अठरावा आला. पण १९८८ ला ऑडीची चारही चाकांवर ताकद असलेली २०० क्वाट्रो घेऊन अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम मालिकेचा चॅम्पियन झाला, आणि ती मालिका चालवणाऱ्यांनी पुढच्या वर्षापासून चार चाकांची ताकद बंदच करून टाकली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय असतं.

प्रश्न: त्यांच्या घरच्यांबद्दल काही लिहिलं नाहीत? — एक विद्यार्थिनी, जळगाव

लिहितो की. २०१८ मध्ये, वयाच्या सत्तरीला, आत्मचरित्र आलं त्यात त्यांनी स्वतः सांगितलं की मी समलिंगी आहे. उमेदीची सगळी वर्षं रेसिंगच्या पुरुषी जगात गेली, स्पॉन्सर जातील, टीम जाईल म्हणून गप्प राहिले. २०१२ ला नियमित रेसिंग थांबवलं होतं, म्हणजे बोलायला त्यानंतरही सहा वर्षं लागली. गाडीवर साडेतीनशेला न घाबरणारा माणूस इतकी वर्षं याला घाबरला, यातच त्या जगाचं काय ते समजून घ्या.

प्रश्न: मला पण रेसर व्हायचंय. घरचे म्हणतात आधी ट्रॅक्टर नीट चालव. काय करू? — एक वाचक, शिरपूर, वय १७

ट्रॅक्टर नीट चालव. बाकी मग हे कर: आधी पुण्या-मुंबईकडे भाड्याच्या कार्टिंग ट्रॅकवर जाऊन टाइम काढून बघ. आपल्या देशात मोटरस्पोर्टचं लायसन्स एफएमएससीआय ही संस्था देते, त्याशिवाय कुठल्याही अधिकृत शर्यतीत उतरता येत नाही. मोठे ट्रॅक तीन, चेन्नईजवळचा, कोइमतूरचा आणि ग्रेटर नोएडाचा, म्हणजे खान्देशातून कुठेही जा, खिसा रिकामाच. कोइमतूरचाच नारायण कार्तिकेयन २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये गेला, आणि करुण चांडोक २०१२ ला ल मान्स धावला, त्याची गाडी सहावी आली, तेव्हा आपल्याकडून कोणी जातच नाही असं नाही.

पैसा लागतो, भरपूर लागतो, हे घरी लपवू नकोस. ड्रायव्हरचं नाहीच जमलं तर पिटमध्ये मेकॅनिक, इंजिनिअर, टायमिंगवाले सगळे लागतात, डिप्लोमा करून तिकडून पण आत शिरता येतं. आणि आग्रा रोडवर रात्री मित्रांसोबत शर्यती लावत असशील तर ते आजच बंद, तिथे समोरून सावद्याच्या वाचकाचा भाऊ केळी घेऊन येत असतो.