फेटा बांधायचा की घालायचा?

पाडव्याच्या स्वागतयात्रेला निघताना ठाण्यातल्या नौपाड्यात एका ताईंनी फेटा बांधून घेतला. "दादा, पगडी नीट बसली ना?" असं विचारल्यावर बांधणारे म्हणाले, "ताई, पगडी नाही, फेटा." या दोन्हींत फरक काय आणि 'फेटा' मूळचा कसला शब्द, असं त्या विचारतात.

फरक क्रियापदातच आहे. पगडी घालतात, फेटा बांधतात. पुणेरी पगडी कारागिराने आधीच घडवलेली असते. टोपीसारखी डोक्यावर चढवायची, घरी आलं की उतरवून ठेवायची. फेटा सोडला की उरतं साडेतीन ते सहा मीटरचं नुसतं कापड. एक टोक दातांत धरायचं, कापडाला पीळ देत डोक्याभोवती वेढे घ्यायचे, एका टोकाच्या चुण्या करून वर तुरा काढायचा. दुसरं टोक पाठीवर रुळतं, तो शेमला. दर वेळी हे सगळं पहिल्यापासून.

आता शब्द. गंमत अशी, की 'फेटा' शब्दात डोकं कुठेच नाही. हिंदीत फेंटा म्हणजे कमरेभोवतीचा वेढा, धोतराचा कमरेला गुंडाळलेला भाग. लहान पगडीलाही तोच शब्द. पटक्याचंही तसंच. तिकडे तो कमरेला, आपल्याकडे डोक्याला. नाव पडलं ते गुंडाळण्यावरून. मुंडाशात मात्र मुंड, म्हणजे डोकं, उघड दिसतं. शिरपेच फारसीतल्या 'सरपेच'वरून आला: सर म्हणजे डोकं, पेच म्हणजे पीळ, डावपेचातला पेच तोच. आपण 'सर'चं 'शिर' केलं, आणि ते मला फार आवडतं, कारण संस्कृत शिरस् आणि फारसी सर हे मुळात एकाच कुळातले शब्द. शेमला आणि मंदील, म्हणजे जरीचं पागोटं, हे शब्द अरबीतून आले.

पगडीचं म्हणाल, तर जुन्या ठाण्यात या शब्दाने आधी भाड्याची खोली आठवते: भाडं नाममात्र, पण आत येतानाच मालकाला मोठी रक्कम मोजलेली.

हल्ली शिवलेले तयार फेटे मिळतात, म्हणून 'फेटा घातला' असंही कानावर येतं. तयार फेट्यापुरतं ते बरोबरच आहे, तो खरोखर घालायचाच असतो. पण ताई, तुमच्या डोक्याभोवती कोणीतरी एकेक वेढा ओढून बसवला. तुम्ही फेटा बांधला होतात, तसंच म्हणा.