ओळखीच्या मिस्त्रीचं बिल फुगतं तेव्हा

"बारा वर्षं एकाच मिस्त्रीकडे गाडी देतोय. बोलावं तर माणूस तुटतो, गप्प बसावं तर झोप लागत नाही." आमच्याकडे गॅरेजच्या बिलाची तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण अशीच सुरुवात करतात. त्यातलेच हे एक निवृत्त गृहस्थ. 92,000 किलोमीटर झालेली हॅचबॅक, क्लच स्लिप होत होता, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नीट पोचत नव्हता. मिस्त्री म्हणाला होता, "नऊ-दहा हजार होतील काका." हातात आला 24,400 चा कागद.

"फसवलं का हो मला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तो बाजूला ठेवून आधी कागद वाचला. क्लच सेट 5,800, गिअर ऑइल 900, दोन्ही लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे दांडे) 4,600, लिंक रॉड 1,400, इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार) 2,300, लेबर 7,500 आणि शेवटी नुसतंच "इतर" 1,900.

अशा गाडीत क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. त्यासाठी चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट निघतात, लोअर आर्मचा बॉल जॉइंट (चाकाकडचा फिरता सांधा) सुटतो. तेव्हाच लोअर आर्मचे फाटलेले रबरी बुश आणि दबलेलं माउंटिंग नजरेस पडतं. म्हणजे वाढीव काम खरं असू शकतं. मिस्त्रीची चूक वेगळी होती: काम निघालं तेव्हा त्याने फोन केला नाही. काकांना झोंबलं होतं तेही हेच, पैसे त्यानंतर.

लेबर मात्र खटकत होतं. फोड विचारल्यावर कळलं: क्लच 4,000, लोअर आर्म 2,000, माउंटिंग 1,500. गिअरबॉक्स उतरवताना हे माउंटिंग सुटतंच, मग त्याची वेगळी मजुरी कशाची? लोअर आर्म बदलल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतो. ती बिलात नव्हती, म्हणजे केलीच नव्हती.

काकांना वाक्यं अक्षरशः पाठ करायला दिली. "गाडी छान झाली रे. फक्त बिल समजावून सांग, घरात हिशेब द्यायचाय. जुने पार्ट आणि नव्याची खोकी आहेत का?" वेळ दुपारची निवडली. सकाळी गाड्या लागायच्या वेळी, चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं की मिस्त्री हिशेबापेक्षा अब्रू सांभाळतो. सोसायटीच्या ग्रुपवर आधी टाकू नका, हेही बजावलं.

जुनी क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली निघाली. लोअर आर्मचं रबर चिरलेलं, बॉल जॉइंट हाताने हलत होता. खोक्यांवरचे पार्ट नंबर आणि एमआरपी ताडून पाहिले, जुळले. (एमआरपीत कर धरलेला असतो. तिच्यावर पुन्हा जीएसटी लावला असेल तर तिथेच थांबवा. बिलावर जीएसटी नंबर नसेल तर तो कर आकारताच येत नाही.) "इतर"मध्ये दोन ऑइल सील आणि क्लीनर मिळून 700 च निघाले.

मिस्त्री थोडा घुटमळला. "परत खोलायला नको म्हणून करून टाकलं काका, तुम्ही नाही कुठं म्हणता." माउंटिंगची मजुरी 1,500 आणि "इतर"मधले 1,200 त्याने सोडले, अलाइनमेंट शेजारच्या दुकानातून स्वतःच्या खर्चाने करून दिली. लोअर आर्मच्या मजुरीवर मात्र हटला नाही. बॉल जॉइंट आधीच सुटलेला असल्याने 2,000 जास्तच होते, पण तिथे ताणू नका असं आम्हीच सुचवलं. बिल 21,700 वर मिटलं.

प्रत्येक मिस्त्री इतका ऐकत नाही. बिल थकलं तर त्याला गाडी अडवून ठेवता येते, भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 170 नुसार. त्यामुळे दुसरी किल्ली घेऊन गाडी पळवणं अंगलट येतं. बिलावर "हरकत राखून रक्कम दिली" असं लिहून फोटो काढा, पैसे यूपीआयने द्या, मग 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. तीन-चार हजारांसाठी मात्र तारखांना जाण्याची तयारी आहे का, हे आधी ठरवा.

काका आता गाडी सोडतानाच व्हॉट्सअॅप करतात: "ठरल्यापेक्षा हजारच्या वर काम निघालं तर फोटो पाठव, मी हो म्हटल्यावरच हात लाव. जुने पार्ट डिकीत ठेव."