वेब अॅपमध्ये युजरला पुढचं पाऊल बटणांनी कसं दाखवायचं?

तुमचा फॉर्म पाच स्क्रीनचा आहे आणि लोक मध्येच अडकतात म्हणताय, तर सगळ्यात आधी एका स्क्रीनवर ठळक रंगाचं बटण एकच ठेवा, बाकीची फिकी. मी ऐरोलीत आमच्या सोसायटीसाठी तक्रारींचं छोटं अॅप केलेलं, त्यात ‘सबमिट’ आणि ‘कॅन्सल’ दोन्ही सारखीच निळी, शिवाय दाबल्यावर दोन-तीन सेकंद काहीच हलायचं नाही, मग चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तीनदा दाबलं आणि एकाच गळक्या पाइपच्या तीन तक्रारी, प्लंबर पण चक्रावला. मग दाबल्या दाबल्या ‘पाठवतोय…’ दिसेल आणि परत दाबलं तरी दुसरी रिक्वेस्ट जाणार नाही असं केलं, ‘सबमिट’च्या जागी ‘तक्रार नोंदवा’ लिहिलं, मला येणारे फोन बंद झाले.

‘पुढे’ नुसतं ग्रे करून ठेवू नका, काय राहिलंय ते कळतच नाही. दाबू द्या आणि रिकाम्या रकान्यापाशी नेऊन सांगा. ‘मागे’ गेल्यावर भरलेलं उडालं तर शिव्या नक्की.

आणि हो, फॉर्मच्या आत एचटीएमएलच्या बटण टॅगला (<button>) टाइप (type, म्हणजे बटण कसलं ते) दिला नाही तर ब्राउझर ते सबमिटच धरतो, माझं ‘मागे’ बटण ह्याच्यामुळे फॉर्म पाठवत बसलेलं, अख्खा रविवार गेला त्यात!

साइजचं म्हणाल तर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेली मार्गदर्शक तत्त्वं) किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल (वेब पानावरचं मापाचं एकक) दिलंय, पण ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून एका हाताने दाबून बघा, मी तरी ४४ च्या खाली जात नाही.